उणे १९६ अंशांवरचे बियाणे

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘साठवण’ हा विषय मुक्रर केला आणि सोबतच्या पत्रात पेवे, बळदे, लोणच्याच्या बरण्या व संस्थानी दप्तरखाने अशी एक लांबलचक यादीही धाडली. त्या यादीतील प्रत्येक वस्तूवर अधिकाराने लिहिणारा कोणी ना कोणी महाराष्ट्रात आहेच, म्हणून मी मुद्दाम तिच्याबाहेर गेलो. पालघर व रायगड जिल्ह्यांतील खाड्यांच्या काठाने जी कोळंबीची तळी पसरलेली दिसतात, त्यांत सोडले जाणारे बीज बहुतांशी पूर्व किनाऱ्यावरून, आंध्र आणि तामिळनाडूतील हॅचऱ्यांतून, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत बंद होऊन येते. आणि त्या बीजाला जो पहिला घास लागतो तो नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या समुद्री शैवालाचा असून तो आयत्या वेळी कोठूनही विकत आणता येत नाही, असे एका तळेवाल्याने बोलण्याच्या ओघात मला सांगितले होते. जी वस्तू अडचणीच्या दिवशी बाजारात मिळत नाही तिची तजवीज लोक करतात तरी कशी, एवढाच प्रश्न घेऊन मी पुदुच्चेरीच्या उत्तरेस असलेल्या मरक्काणमच्या किनाऱ्यावर गेलो.

झोइया थांबत नाही

मरक्काणमला रस्त्याच्या एका अंगाला मिठागरे आहेत आणि दुसऱ्या अंगाला, वाळूच्या पट्ट्यालगत, हॅचऱ्यांच्या लांबलचक शेडी. त्यांपैकी एका हॅचरीतला शैवालविभाग सांभाळणारी तरुणी मूळची रत्नागिरीकडची, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेऊन इकडे नोकरीस आलेली. मराठी माणूस दारात पाहून तिला आनंद झाला खरा, पण शिस्तीत त्यामुळे काही सूट मिळाली नाही. “चपला बाहेर काढा सर, आणि पाय त्या ट्रेमध्ये बुडवून मगच आत या,” हे तिचे पहिले वाक्य होते. ट्रेमध्ये पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे पाणी होते.

आतली खोली थंड, पांढरीशुभ्र आणि अहोरात्र उजेडात ठेवलेली. भिंतींना लागून मांडण्या, मांडण्यांना ट्यूबलाइटी, आणि त्यांच्या उजेडात ओळीने ठेवलेले काचेचे फ्लास्क: कीटोसेरॉसचे तपकिरी, आयसोक्रायसिसचे सोनेरी, टेट्रासेल्मिसचे हिरवेगार. सर्वांत वरच्या फळीवर कापसाचे बोळे लावलेल्या लहान नळ्या होत्या. या नळ्यांना तेथे ‘स्टॉक’ म्हणतात आणि सारा व्यवहार त्यांच्या भरवशावर चालतो. नळीतून फ्लास्कात, फ्लास्कातून वीस लिटरच्या कारबॉयमध्ये, कारबॉयमधून बाहेरच्या टनाच्या व पुढे दहा टनांच्या टाकीत, असे शैवाल पायरीपायरीने वाढवीत न्यावे लागते. प्रत्येक पायरीला काही दिवस लागतात, आणि कोणतीही पायरी गाळून पुढे जाता येत नाही.

ही एवढी आगाऊ तयारी कशासाठी, हे कोळंबीच्या बाळपणात दडलेले आहे. अंड्यातून निघालेली नॉप्लियस ही पहिली अवस्था स्वतःजवळच्या पिवळ्या बलकावर सुमारे दोन दिवस निर्वाह करते. मग कात टाकून तिची झोइया होते, झोइयाला तोंड फुटते, आणि त्या तोंडाला त्याच प्रहरी, पाण्याच्या प्रत्येक थेंबात हजारो पेशी या प्रमाणात, जिवंत शैवाल हजर असावे लागते. ते नसले तर लाखो पिल्लांची एक पूर्ण खेप दुसऱ्या दिवशी तळाशी बसते. “नॉप्ली विकत आणता येतात, झोइयाला थांबा म्हणता येत नाही,” ती म्हणाली. आणि आदल्याच आठवड्यात दुपारी दाट तपकिरी दिसणारी एक टाकी रात्रीपर्यंत कशी ‘क्रॅश’ झाली व तळाशी नुसता गाळ कसा उरला, ते तिने आवाजही न चढविता सांगितले. या धंद्यात तशी टाकी अधूनमधून जायचीच. खरी धास्ती असते ती वरच्या फळीवरचा स्टॉक बिघडण्याची.

शेजारच्याच खोलीत आर्टेमियाचे डबे रचलेले होते. अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेकसारख्या खाऱ्या सरोवरांवरून गोळा केलेली ही कोळंबीवर्गीय कवचधारी जीवांची सुकी अंडी हवाबंद डब्यात वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि खाऱ्या पाण्यात घालून खालून हवा सोडली की सुमारे चोवीस तासांत त्यांतून पिल्ले पोहत बाहेर येतात. थोड्या मोठ्या झालेल्या कोळंबीबीजाला हे खाद्य चालते. डबा आणि शैवालाची नळी ही हॅचरीतली दोन अगदी भिन्न स्वभावाची खाद्ये आहेत: पहिल्याला निसर्गानेच निद्रा शिकविली आहे, तर दुसरे जागेच राहणार आणि त्याच्याबरोबर माणसालाही जागे ठेवणार. डायटम या गटातली काही शैवाले निसर्गात निद्रिस्त बीजुके करतात, हे खरे. डेन्मार्कच्या मरिआगर फ्योर्डच्या तळगाळात सुमारे शंभर वर्षे पडून राहिलेले स्केलेटोनेमा प्रयोगशाळेत पुन्हा वाढवून दाखविण्यात आले आहे. पण हॅचरीच्या फ्लास्कातले शैवाल आपल्या सोयीसाठी तसे झोपी जात नाही.

आयल ऑफ मॅनचा वाण

सोनेरी फ्लास्काचे कूळ मोठे मनोरंजक आहे. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या आयल ऑफ मॅन या बेटावर पोर्ट एरिन येथे एक सागरी संशोधन केंद्र होते. तेथल्या मत्स्यकुंडाच्या पाण्यातून मेरी पार्क या विदुषीने १९३८ साली शेपूटवाल्या सूक्ष्म शैवालाचा एक वाण वेगळा केला आणि त्याला नावही न देता ‘फ्लॅजेलेट-१’ असा क्रमांक दिला. कालवांची पिल्ले त्यावर उत्तम पोसतात असे त्या केंद्रातील प्रयोगांत दिसून आले. पुढे १९४९ साली पार्कने त्याचे ‘आयसोक्रायसिस गॅल्बाना’ असे शास्त्रीय बारसे केले. जपानात मोतोसाकु फुजिनागा यांनी त्याच सुमारास स्केलेटोनेमा या डायटमवर कोळंबीची झोइया जगवून दाखविली होती, आणि आजची प्रत्येक कोळंबी हॅचरी त्यांच्या त्या वाटेने चालते. आपल्याकडे तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८१ साली मोत्याच्या कालवांचे बीज कृत्रिम रीतीने निर्माण केले, तेव्हा त्या पिल्लांनाही आयसोक्रायसिसच भरविण्यात आले होते.

पोर्ट एरिनचे ते केंद्र २००६ साली बंद झाले. वाण मात्र जिवंत आहे. स्कॉटलंडमध्ये ओबानजवळ शैवाल व आदिजीव यांचा जो राष्ट्रीय संग्रह आहे, त्यात तो नोंद क्रमांकासह ठेवलेला असून मागणी केल्यास मिळतो. या संग्रहाचा जन्मही असाच स्थलांतराचा. अर्न्स्ट प्रिंग्सहाइम हे प्रागमधील यहुदी वनस्पतिशास्त्रज्ञ. हिटलरशाहीची छाया दाटू लागली तेव्हा, १९३८ साली, ते शैवालांच्या जिवंत नळ्यांसह इंग्लंडला आले आणि त्यांतूनच केंब्रिजला हा संग्रह प्रथम उभा राहिला. जीव वाचवून निघालेल्या माणसाने सामानात काचेच्या नळ्या घ्याव्यात, याची तारीफ करावी तेवढी थोडी. पण त्या नळ्या वाटेतही उजेड, थंडावा व ताजे पाणी मागत राहिल्या असणार, हेही विसरता येत नाही. त्या काळी ठेवण्याचा दुसरा मार्गच नव्हता.

जिवंत ठेवणे आणि तसेच ठेवणे

मरक्काणमची ती तरुणी ठरावीक वारी नळ्यांचे ‘सबकल्चर’ करते, म्हणजे जुन्या नळीतला थोडा अंश दिव्याच्या ज्योतीशेजारी धरून नव्या पोषकद्रवात सोडते. हा पोषकद्रव रॉबर्ट गिलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने सिद्ध केलेला. मूळ पाककृतीच्या निम्म्या ताकदीचा म्हणून जगभर त्याला ‘एफ-बाय-टू’ म्हणतात आणि डायटमसाठी त्यात सिलिकेट वेगळे घालावे लागते. काम सोपे दिसते. पण वर्षाकाठी शेकडो वेळा करावयाच्या या कामात एकदा हात चुकला, चिठ्ठी बदलली, किंवा पाण्याबरोबर एखादा पक्ष्माभी जीव आत शिरला, की वाण गेला म्हणून समजावे. आयसोक्रायसिसच्या फ्लास्कात नॅनोक्लोरोप्सिसचे चार कण पडले तर काही पिढ्यांत तेच सर्वत्र पसरतात, आणि रंग फिरेपर्यंत कोणाच्या ध्यानीही येत नाही.

ही झाली डोळ्यांना दिसणारी हानी. न दिसणारी याहून वाईट. फ्लास्कातल्या मऊ, निर्धोक जीवनात जो शेकडो पिढ्या राहतो तो त्या जीवनालाच अनुरूप बनत जातो. ज्या गुणांसाठी त्याला प्रथम निवडले, उदाहरणार्थ त्याच्यातली डीएचए व ईपीए ही मेदाम्ले किंवा बाहेरच्या टाकीतले तापमान सोसण्याची ताकद, ते गुण राखण्याचे त्याच्यावर कोणतेच बंधन नसते. डायटमच्या बाबतीत तर देहच आकसतो. त्याचे कवच सिलिकाच्या दोन झाकणांचे असते. विभाजनाच्या वेळी प्रत्येक अपत्याला एक जुने झाकण मिळते व दुसरे त्याच्या आत बसेल असे लहान घडवावे लागते, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या सरासरी आकार घटत जातो. काही जाती या नियमातून निसटतात. बाकीच्यांना मूळ आकार परत मिळण्यास लैंगिक प्रजननाची वाट पाहावी लागते. म्हणून दहा वर्षे इमानेइतबारे जगविलेला वाण हा दहा वर्षांपूर्वीचाच वाण आहे, असे छातीठोकपणे कोणीच म्हणू शकत नाही. तो बदलू नये, त्याच्या पिढ्याच थांबाव्यात, अशी इच्छा असेल तर काळच थांबवावा लागतो, आणि काळ थांबविण्याचे एकच साधन आजवर माणसाला सापडले आहे: थंडी.

बाटलीवरची चिठ्ठी

थंडीने जीव मरतो, हा अनुभव मात्र सर्वांचाच. शैवालाचा फ्लास्क साध्या फ्रीझरमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी हाती येतो तो रंगीत लगदा. या प्रश्नाची पहिली गाठ सुटली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस, लंडनजवळच्या मिल हिल येथील प्रयोगशाळेत, आणि तीही चुकीच्या चिठ्ठीमुळे. ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स हे कोंबड्याचे रेत गोठविण्यासाठी फळशर्करेचा द्रव वापरून पाहात होते व यश येत नव्हते. मग एके दिवशी शीतकोठडीतल्या एका बाटलीने अकस्मात यश दिले. उरल्यासुरल्या द्रवाचे पृथक्करण केले तेव्हा त्यात शर्करा नव्हतीच. ग्लिसरॉल व थोडेसे प्रथिन होते. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. १९४९ साली हा शोध प्रसिद्ध झाला, आणि दहा वर्षांनी लव्हलॉक व बिशप यांनी डायमेथिल सल्फॉक्साइड, म्हणजेच डीएमएसओ, हे दुसरे हिमरक्षक द्रव्य पुढे आणले.

बर्फ मारतो तो दोन परस्परविरुद्ध रीतींनी, हे पीटर मेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली स्पष्ट केले. द्रव सावकाश गोठविला तर बर्फ प्रथम पेशीच्या बाहेर धरतो, बाहेर उरलेले पाणी अधिकाधिक खारट होत जाते, आणि मिठात घातलेल्या कैरीच्या फोडीप्रमाणे पेशी आतले पाणी सोडून आकसते. ही स्थिती फार वेळ टिकली तर खारानेच तिचा घात होतो. उलट घाईने गोठविला तर पाण्याला बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही, बर्फाचे स्फटिक पेशीच्या आतच धरतात व तिची अंतर्रचना फाडून टाकतात. दोहोंच्या मधली एक अरुंद वाट प्रत्येक जातीला निराळी असते. समुद्री शैवालाच्या बाबतीत ती आणखी अरुंद, कारण त्याच्या पाण्यात आरंभीच लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार विरघळलेले असतात.

ही वाट कशी चालतात ते मी चेन्नईतल्या एका प्रयोगशाळेत पाहिले. वाढ जोमात असलेले शैवाल सेंट्रिफ्यूजवर हलकेच दाट करून घेतात. त्यात डीएमएसओ शेकडा पाच ते दहा या प्रमाणात थेंबाथेंबाने मिसळतात, कारण हा रक्षक स्वतःही विषारीच. थोडा वेळ अंधारात ठेवून मिश्रण बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या कुप्यांत भरतात. मग मिनिटाला एक अंश या गतीने तापमान उणे ४० अंशांपर्यंत उतरवितात, तेथे किंचित थांबतात, आणि मग कुपी द्रवरूप नायट्रोजनमध्ये सोडतात, जेथे तापमान उणे १९६ अंश असते. ज्यांना गती राखणारे महागडे यंत्र परवडत नाही ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने वेढलेला एक साधा प्लास्टिकचा डबा उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवतात. त्यातल्या कुप्याही जवळजवळ त्याच गतीने निवतात.

उणे ८० अंशांवरच का ठेवू नये, असे मी विचारले. तेथला वृद्ध तंत्रज्ञ म्हणाला की त्या थंडीतही स्फटिक हळूहळू फिरत व मोठे होत राहतात. साधारण उणे १३५ अंशांच्या खाली गेल्यावरच पाणी काचेसारखे स्थिर होते व रासायनिक घडामोड जवळजवळ संपते. मग वाण दहा वर्षे राहिला काय आणि पन्नास वर्षे राहिला काय, त्याच्या लेखी दोन्ही सारखेच. नैसर्गिक किरणोत्सर्गाचा सूक्ष्म मारा तेवढा चालू राहतो.

झोपविण्यापेक्षा जागे करणे अधिक जपून करावे लागते. कुपी सुमारे ३७ ते ४० अंशांच्या पाण्यात धरून शेवटची हिमकणी वितळते न वितळते तोच बाहेर काढायची, ताज्या पोषकद्रवात ओतून डीएमएसओ पातळ करायचे, आणि एक दिवस पूर्ण अंधारात ठेवायचे. प्रकाशावर जगणाऱ्या जीवाला अंधार कशाला? तर त्याचे प्रकाशयंत्र जखमी असते व त्या अवस्थेत पडणारा उजेड अन्नाऐवजी विषारी प्राणवायुरूपे निर्माण करतो. किती पेशी वाचल्या याची मोजणी सूक्ष्मदर्शकाखाली होते. काही दर्दी संग्राहक निम्म्याहून अधिक पेशी वाचाव्यात असा आग्रह धरतात, कारण शेकडा एकच वाचली तर ती मूळ वाणाची प्रतिनिधी की केवळ थंडी सोसणारी एखादी वेगळीच प्रकृती, याचा भरवसा देता येत नाही. हा आग्रह मला तरी अत्यंत रास्त वाटतो.

जे गोठते आणि जे गोठत नाही

सर्व वाण सारखे आज्ञाधारक नाहीत. भक्कम भित्तिका असलेले नॅनोक्लोरोप्सिस सुखाने गोठते व सुखाने जागे होते; टेट्रासेल्मिस आणि कित्येक डायटमही योग्य गती साधली तर साथ देतात. भित्तिका नसलेले, चाबकासारख्या शेपटीने पोहणारे नाजूक जीव मात्र हट्टी, आणि दुर्दैवाने पिल्लांना पोषणासाठी जे फार हवे असतात त्यांतले काही याच जमातीतले. म्हणून ओबान असो की टास्मानियातील होबार्टचा ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय शैवालसंग्रह असो, गोठविण्याच्या सर्व सोयी हाताशी असताना तेथेही कितीतरी वाण जिवंतच, हाताने सबकल्चर करूनच, राखावे लागतात.

बाजारात मिळणारी शैवालाची ‘पेस्ट’ ही याहून वेगळी चीज असून तिची गल्लत येथे करू नये. शैवाल दाट करून चार अंशांवर काही आठवडे ठेवणे, किंवा गोठवून मेलेल्या पेशींचा लगदा विकणे, ही अन्नाची साठवण आहे. तिची गरजही मोठी. कालवांच्या हॅचऱ्यांत बीजाच्या उत्पादनखर्चाचा सरासरी तिसेक टक्के भाग शैवालावरच पडतो, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले होते. पण मेलेली पेशी पाण्यात तरंगत नाही. ती तळाशी जाऊन कुजते, कुजल्यावर व्हिब्रिओ जिवाणूंना मेजवानी मिळते, आणि उरलेसुरले पिल्लू त्या मेजवानीत जाते. म्हणून मरक्काणमला पेस्ट अडीनडीलाच काढतात. पेस्ट आणि गोठवण यांच्या मधली एक पद्धत मला विशेष आवडली: शैवालाच्या पेशी अल्जिनेटच्या मोत्यांएवढ्या गोळ्यांत कोंडून साध्या शीतकपाटात ठेवायच्या. त्यांत त्या महिनोन्‌महिने मंदगतीने जगतात आणि गोळी विरघळविली की पुन्हा वाढू लागतात. नायट्रोजन लागत नाही, यंत्र लागत नाही. काळ पूर्ण थांबत नाही, एवढेच. पण लहान हॅचरीला तेवढी मुदतही थोडी नव्हे.

नायट्रोजनचा हिशेब

मरक्काणमच्या मालकाला मी विचारले की मग तुम्ही स्टॉक गोठवून का ठेवीत नाही. त्याने एकाच शब्दात उत्तर दिले: “नायट्रोजन.” द्रवरूप नायट्रोजन उत्तम पात्रातही रोज थोडा थोडा उडतच राहतो, त्याची पातळी पट्टी बुडवून, तिच्यावर धरलेल्या हिमाच्या रेषेवरून नियमाने पाहावी लागते, आणि ती भरण्यात एकदा हयगय झाली तर वर्षांचा ठेवा एका रात्रीत पाणी होतो. शिवाय एका लिटर द्रवाचा सुमारे सातशे लिटर वायू होतो. कोंडलेल्या खोलीत तो माणसाचा श्वास रोखतो, रंगवास काही नसल्याने इशाराही देत नाही. हे सारे धोके खरे आहेत. पण ते नवीन नाहीत आणि आपल्याकडे अपरिचित तर मुळीच नाहीत. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी उभ्या केलेल्या बाएफ संस्थेने संकरित गायींसाठी गोठित रेताचा प्रसार केला तेव्हापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पशुवैद्यक कर्मचारी मोटारसायकलला नायट्रोजनचे भांडे बांधून फिरत आला आहे. भांडे केव्हा भरावे, झाकण किती वेळ उघडावे व रेतकांडी किती अंशांच्या पाण्यात वितळवावी, हे त्याला तोंडपाठ असते. जी यंत्रणा वळूचा वंश गोठ्यापर्यंत पोचविते ती शैवालाचा वाण किनाऱ्यापर्यंत पोचवू शकणार नाही, असे मानण्यास मला कोणतेही सबळ कारण दिसले नाही.

हॅचरीने स्वतः नायट्रोजन बाळगावाच असेही नाही. बुडापेस्ट कराराखाली पेटंटाशी संबंधित सूक्ष्मजीव निदान तीस वर्षे जपून ठेवण्याची हमी घेणाऱ्या संस्था जगभर आहेत. आपल्याकडे चंदिगड व पुणे येथील संग्रहांना तो दर्जा मिळालेला आहे. ठेव ठेवणारा एक आणि ठेव सांभाळणारा दुसरा, हा व्यवहार नवा नाही. अडचण पैशापेक्षा सवयीची अधिक आहे. हॅचरीचा मालक टाकीचा विमा उतरवितो, जनरेटर दुहेरी ठेवतो, पण वरच्या फळीवरच्या नळ्यांची दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवण्याचे त्याला सुचत नाही, कारण त्या नळ्या गेली कित्येक वर्षे तेथे आहेतच.

पूर्व किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस व त्यामागून येणारी वादळे नेमकी दिवाळीच्या सुमारास सुरू होतात, आणि त्या किनाऱ्यावर दिवसचे दिवस वीज जाण्याची वेळ तीच. ज्यांच्या हॅचरीत आज फ्लास्कांची एकच मांडणी आहे त्यांनी आपल्या प्रत्येक वाणाची निदान एक नळी शेजारच्या जिल्ह्यातील व्यवसायबंधूकडे आणि एक कुपी नायट्रोजनची सोय असलेल्या कोणत्याही संग्रहात ठेवावी, ठेवण्यापूर्वी गोठविलेल्या कुप्यांपैकी एक वितळवून वाण खरोखर जागा होतो याची खात्री करावी, वाणाचे नाव, मूळ ठिकाण व तारीख नोंदवहीत शाईने लिहावी, आणि मत्स्यव्यवसाय खात्याने याचा नाममात्र शुल्कात बंदोबस्त करून द्यावा, अशी माझी विनंती आहे.